हार आणि धोंडे

सप्टेंबर १७७५. अमेरिकेचे क्रांतियुद्ध नुकते पेटले होते. क्वेबेकच्या मोहिमेवर निघालेली बेनेडिक्ट अर्नल्डची फौज न्यूबरीपोर्ट गावात थांबली आणि तिथल्या चर्चखालच्या तळघरात काही अधिकाऱ्यांनी एक शवपेटी उघडायला लावली. आत जॉर्ज व्हिटफील्ड या, पाच वर्षांपूर्वी वारलेल्या, इंग्रज सुवार्तिकाचा देह होता. त्याची गळपट्टी आणि मनगटपट्ट्या काढून अधिकाऱ्यांनी आपसांत वाटून घेतल्या. संतांच्या अवशेषांची भक्ती म्हणजे मूर्तिपूजा, असे शिकवणाऱ्या प्रॉटेस्टंट मातीत हे घडले. म्हणून प्रॉटेस्टंट जगातल्या व्यक्तिपूजेचा मागोवा तिथूनच घेतलेला बरा.

व्हिटफील्डचा आवाज अफाट होता. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने गर्दीतून मागे मागे चालत अंतर मोजले आणि तीस हजारांहून अधिक लोकांना हा माणूस ऐकू जाईल, असा हिशेब मांडला. मात्र आवाजाच्या जोडीला छापखानाही होता. व्हिटफील्डचा एक सहकारी सभांच्या बातम्या आधीच वृत्तपत्रांना पाठवी आणि फ्रँकलिन त्याची प्रवचने नि रोजनिश्या छापून विकी. याच व्हिटफील्डने जॉर्जियात गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट केली. १७५१मध्ये ती मिळाली. पुढे त्याच्या अनाथाश्रमाच्या कामी गुलाम राबले. लाखो लोकांना रडवणाऱ्या माणसाला याचा जाब विचारण्याची छाती फार थोड्यांना झाली.

विसाव्या शतकात छापखान्याच्या जोडीला रेडिओ आला. एमी सेंपल मॅकफर्सन या सुवार्तिक बाईंनी १९२३मध्ये लॉस एंजेलिसला पाच हजारांवर आसनांचे अँजेलस टेंपल उघडले आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. मे १९२६मध्ये त्या समुद्रकिनाऱ्यावरून बेपत्ता झाल्या. महिन्याभराने परतल्या, त्या अपहरणाची कहाणी घेऊन. पोलिसांना ती पटेना, प्रकरण न्यायालयात गेले, पण भक्तांनी त्यांच्या वाटेवर फुले अंथरली होती.

त्याच शहरात १९४९मध्ये तीन आठवड्यांसाठी उभारलेला बिली ग्रॅहम यांचा तंबू आठ आठवडे हलला नाही. वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या दैनिकांनी त्यांना उचलून धरले आणि तिशीतला हा प्रवचनकार देशभर गाजला. पण आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी ग्रॅहम आणि त्यांच्या साथीदारांनी सुवार्तिक नेमके कशात घसरतात याची यादी करून काही नियम बांधून घेतले होते. पैशाचा हिशेब स्वच्छ ठेवायचा, परस्त्रीबरोबर एकांतात राहायचे नाही, स्थानिक चर्चना कमी लेखायचे नाही, गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत. पुढे ग्रॅहम यांनी सभांतल्या देणग्या स्वतः घेणे थांबवले आणि संस्थेकडून ठरावीक पगार स्वीकारला.

जानेवारी १९५६मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा भाषावार प्रांतरचनेच्या निर्णयावरून शहर पेटलेले होते आणि त्यांच्या सभा होऊ शकल्या नाहीत. पुढे केरळात कोट्टायमला मात्र माणसांचा समुद्र लोटला. सत्तेच्या जवळिकीने ग्रॅहम यांनाही डाग लागलाच. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याबरोबरचे त्यांचे ज्यूविरोधी बोलणे २००२मध्ये ध्वनिफितींतून बाहेर आले आणि त्यांना माफी मागावी लागली. एवढे नियम पाळणारा माणूसही प्रसिद्धीत पूर्ण सुरक्षित राहिला नाही, तर नियमच नसलेल्यांचे काय?

त्याचे उत्तर टीव्हीने दिले. साऊथ कॅरोलिनात प्रवचनकार जिम बेकर यांनी टीव्हीवरच्या देणग्यांतून भव्य ख्रिस्ती करमणूकनगरी उभारली. १९८७मध्ये ते पायउतार झाले आणि १९८९मध्ये फसवणुकीबद्दल त्यांना ४५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली, जी नंतर कमी झाली. त्यांच्यावर तुटून पडलेल्यांत आघाडीवर होते टीव्हीवरचेच दुसरे प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट. फेब्रुवारी १९८८मध्ये तेच कॅमेऱ्यासमोर रडत आपल्या पापाची कबुली देत होते. त्यांच्या पंथाने वर्षभर प्रवचनबंदी घातली. त्यांनी ती मानली नाही, पंथ सोडला आणि काही महिन्यांत पुन्हा व्यासपीठावर चढले. श्रोते होतेच.

सिअॅटलच्या मार्स हिल चर्चने तर पाळकाचे पुस्तक खपाच्या यादीत चढवण्यासाठी २०१२च्या सुमारास दोन लाखांहून अधिक डॉलर खर्चले. २०१४मध्ये हे पाळक, मार्क ड्रिस्कॉल, पायउतार झाले आणि काही महिन्यांतच ते अनेक शाखांचे चर्च विसर्जित झाले. चेन्नईत जन्मलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस भारतातल्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांतही आदराने ऐकले जात. मे २०२०मध्ये त्यांच्या स्मरणसभेला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष आले. फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी खऱ्या ठरवल्या. त्यापूर्वी २०१७मध्ये एका स्त्रीने तक्रार केली, तेव्हा संस्था झकरायस यांच्या पाठीशी उभी राहिली होती.

या अडीचशे वर्षांकडे पाहण्याची दृष्टी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आधीच आहे. लुस्त्र नगरात एक पांगळा चालू लागला, तेव्हा लोकांनी पौल आणि बर्णबा यांना देव ठरवले आणि पुजारी बैल नि हार घेऊन धावला. त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली, आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत म्हणून आकांत केला. थोड्याच वेळात, लोकांचे मन फिरल्यावर, त्याच नगरात पौलावर धोंडे पडले. पौलाने हार नाकारला, हे या गोष्टीतले मर्म. व्हिटफील्डपासून झकरायसांपर्यंतच्या साखळीत दोष पुढाऱ्याचा आहेच. पण हार गुंफणारे आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसवणारे हात मंडळीचे होते. करिंथकरांनी मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा अशी वाटणी केली, तेव्हा पौलाने त्यांनाच फटकारले, ते उगीच नाही.

महाराष्ट्रातल्या मंडळ्याही आता संजीवन सभांचे फलक लावतात आणि त्यावर येशूच्या नावापेक्षा वक्त्याचा फोटो मोठा असतो. अशा वक्त्याला बोलावण्याआधी पंचांनी तीन प्रश्न विचारावेत: तुमचा हिशेब कोण तपासतो? तुमच्याविरुद्धची तक्रार कोणाकडे द्यायची? आणि तुम्हाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? उत्तर मिळाले नाही, तर निमंत्रण देऊ नये.