आकाशातील तीन तास, जमिनीवरील बावीस तास

मुंबई व दुबई या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. विमान ते सुमारे तीन तासांत कापते. वाशिमहून मुंबईचा रस्ता साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु ताशी ५५ किलोमीटरांच्या सरासरीने मालमोटारीस त्यासाठी दहा तास लागतात. अंतर एकतृतीयांशाहूनही कमी, वेळ मात्र तिपटीहून अधिक! नाशवंत माल परदेशी धाडू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला असता जी वाट दिसते, ती सर्वांत जवळची. वारे, हवामान व ठरवून दिलेले मार्ग यांमुळे विमान प्रत्यक्षात थोडे अधिक अंतर उडते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोराने वाहतात. म्हणून जाताना वेळ अधिक व येताना कमी लागतो. शिवाय दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. पहाटे चार वाजता मुंबईहून सुटलेले विमान तेथील साडेपाच वाजता उतरते. तरी प्रवास तीन तासांचाच होय.

समजा, याच विमानाने भेंडी पाठवावयाची आहे. आदल्या दिवशी सकाळी सहाला तोडणी सुरू झाली, प्रतवारी व भरणी होऊन अकराला गाडी निघाली आणि रात्री नऊला मुंबईस पोहोचली. पुढे तपासणी, रोग-किडीविषयीचे प्रमाणपत्र व सीमाशुल्काचे सोपस्कार. माल दुबईस उतरेल तेव्हा आपल्या घड्याळात सकाळचे सात वाजलेले असतील. एकूण पंचवीस तासांपैकी आकाशातील तास अवघे तीन! उरलेले बावीस जमिनीवरचे. आणि त्यांतील पहिले पाच सर्वस्वी शेतकऱ्याच्या हाती असतात.

तोडलेली भेंडीही श्वसन करीत असते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हे श्वसन दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढते, शेंग सुकते व तिचा कोवळेपणा जातो. भर दुपारी तोडून उन्हात ठेवलेल्या मालाचे नुकसान वेगवान विमानही भरून काढू शकत नाही.

यास्तव तोडणी सकाळी करावी. हातात सुती मोजे घालावेत, म्हणजे शेंगांवर ओरखडे पडून त्या काळ्या पडणार नाहीत. माल लगेच सावलीत न्यावा. गोणीत न दडपता हवेशीर क्रेटमध्ये भरावा. शेंगांवर पाणी शिंपडू नये, त्याने डाग पडतात. विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून केलेला शीतकक्ष विजेवाचून चालतो. शीतगृहाची सोय असल्यास ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. त्याहून अधिक थंडी शेंगांस बाधते. वाकड्या वा जून शेंगेलाही विमानाचे भाडे तेवढेच पडते. म्हणून निवड शेतावरच करावी. फवारणीनंतर सांगितलेला काळ लोटल्यावाचून तोडणी करू नये.

वाशिम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी व ५ जून २०२५ रोजी शेवटपर्यंत खुला झाला. रस्त्यावरील तास त्यामुळे घटले. शेतावरील तास मात्र शेतकऱ्यानेच घटवावयाचे आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाठवणीच्या वेळेपासून मागे मोजत तोडणीचे वेळापत्रक शेतकऱ्यांसमवेत आखून द्यावे. विमानाची वेळ मुंबईत ठरते. मालाचे भवितव्य मात्र पहाटे शेतातच ठरते.