बैठक कुठे भरवायची?
इंटरनेटचा कारभार : भाग ७

नेपानगरचा कागद कारखाना नेपानगरलाच का उभा राहिला, हे गावातलं कुणीही सांगेल. आजूबाजूच्या जंगलात सालई आणि बांबू, जवळच तापीचं पाणी आणि दारातून जाणारा भुसावळ-खंडवा लोहमार्ग. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून १९५५ साली इथे वृत्तपत्री कागद निघू लागला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं. जिथे कच्चा माल, तिथे कारखाना.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकीचा हिशेब इतका सरळ नाही. तिचा कच्चा माल म्हणजे माणसं, आणि ती जगभर विखुरलेली. गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की तिथे मतदान होत नाही. ढोबळ सहमतीवर काम चालतं. रोजची चर्चा ईमेलवर होते, पण वर्षातून तीनदा मंडळी समोरासमोर बसतात. जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगोच्या पहिल्या बैठकीला २१ जण होते. आता हजाराच्या आसपास येतात.

म्हणून पहिला नियम पाळीचा. एक बैठक उत्तर अमेरिकेत, एक युरोपात, एक आशियात. क्वचित या तिन्हींबाहेर, जशी २०१६ मध्ये ब्युनोस आयर्सला. तिकिटाचा खर्च आणि प्रवासाची दगदग दर वेळी त्याच लोकांच्या माथी येऊ नये, हा त्यामागचा विचार.

मग शहराची पारख. २०२० मध्ये या निकषांचा स्वतंत्र दस्तऐवज निघाला : आरएफसी ८७१८. चाकाच्या खुर्चीवरून सगळीकडे जाता आलं पाहिजे. इंटरनेटला गाळणी नको. बहुतेकांना व्हिसा मिळाला पाहिजे. निदान एक तृतीयांश लोकांच्या खोल्या मुख्य हॉटेलांत असाव्यात, अशीही अट २०२५ पर्यंत होती. एवढंच नव्हे, तर चार-पाच जणांना सहज टेकता येईल अशी मोकळी जागाही हवी. सभागृहात अडलेला मुद्दा पुष्कळदा बाहेरच्या सोफ्यावर सुटतो, हे या मंडळींना पक्कं ठाऊक आहे.

इतकं करूनही राजकारण आडवं येतं. २०१८ ची सॅन फ्रान्सिस्कोची बैठक अमेरिकेच्या प्रवासबंदीमुळे माँट्रियलला हलवावी लागली. २०१७ मधल्या सिंगापूरच्या बैठकीआधी तिथल्या समलैंगिकताविरोधी कायद्यावरून बराच वाद झाला. बैठक मात्र तिथेच झाली.

आणि काही गोष्टी कुठल्याच निकषात बसत नाहीत. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनची २०१६ ची एक सभा पोर्तो रिकोत व्हायची होती. झिकाच्या साथीमुळे ती हैदराबादला आली. तारखा होत्या ३ ते ९ नोव्हेंबर. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि परदेशी पाहुण्यांच्या खिशातले रुपये एका भाषणात निकामी झाले!

आपल्याकडे अशा सभा होऊच शकत नाहीत, असं मात्र नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सामान्य सापेक्षतेवरची पंधरावी जागतिक परिषद पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत झाली. खंबीर यजमान संस्था असली, की शहराच्या बऱ्याच उणिवा झाकल्या जातात. आयईटीएफची बैठक मात्र २०२५ संपेपर्यंत भारतात एकदाही झालेली नाही.

नेपानगर या परीक्षेत उघडच नापास होतं. हजार माणसांना खोल्या नाहीत, इंदूरचा विमानतळ रस्त्याने काही तासांवर. त्यात गावाचा कमीपणा नाही. पण जागा निवडणं म्हणजे कुणाला आत घ्यायचं हे ठरवणं, एवढं यातून कळतं. नियम सगळ्यांसाठी असतात. ते करायला मात्र जे पोहोचू शकतात तेच बसतात.

घरबसल्या भाग घेता येतो, हे खरं. पण बैठकीचं घड्याळ यजमान शहराचं असतं. जुलैत माँट्रियलला सकाळी साडेनऊला काम सुरू होतं तेव्हा नेपानगरात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि तिथल्या पाचच्या सत्रासाठी इथे रात्री अडीचला जागं राहावं लागतं. तरीही संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी एकदा हे जागरण करून पाहावं. दूरस्थ सहभागाचं शुल्क परवडत नसेल, तर ते माफ करून घेण्याची सोय आहे.