तिकिटं जमवणाऱ्यांचा महासंघ

आपले गट, त्यांचा ग्रामसंघ, मग प्रभागसंघ. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचंही असंच आहे. ठिकठिकाणची मंडळं, त्यांचा देशाचा एक संघ, आणि अशा संघांचा जागतिक महासंघ. तो १९२६ साली पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांच्या संघांनी काढला. आता भारताचा संघही त्यात आहे.

छंदाला एवढं कशाला, असं वाटेल. पण जुन्या-नव्या तिकिटांत पैसा आहे, म्हणून खोटेपणाही आला. आफ्रिकेतल्या काही देशांच्या नावाने कुणीतरी परस्पर तिकिटं छापून विकली. त्या देशाच्या पोस्टाला ना पत्ता, ना पैसा! घेणारा फसला तो वेगळाच. एकट्या मंडळाला हे कसं कळणार?

म्हणून जागतिक टपाल संघाने संग्राहक, विक्रेते यांच्या संघटनांना सोबत घेऊन २००२ पासून खऱ्या तिकिटांना नंबर द्यायला सुरुवात केली. देशाचं पोस्टच आपलं नवीन तिकीट नोंदवतं. सगळे देश नोंदवत नाहीत, ही मात्र उणीव. त्यामुळे नंबर नसला की लगेच खोटं म्हणायचं नाही, आधी चौकशी करायची.

महासंघाच्या प्रदर्शनात नकली तिकीट ठेवायचं असेल, तर शेजारी ‘नकली’ असं स्पष्ट लिहावं लागतं.