डायलिसिसहून घरी परतताना

छातीत कळ आली की 108 फिरवायचा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्यासाठी ती नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग उरणकडच्या जासईच्या रुग्णाने पनवेलचं डायलिसिस केंद्र गाठायचं कसं? एसटीच्या साध्या बसमध्ये त्याला सवलत आहे. मात्र उरण-पनवेल रस्त्यावर बंदराच्या कंटेनरची रांग लागली की बस कधी पोहोचेल याचा नेम नाही. मग रिक्षा ठरवायची आणि महिन्यातून बारा-तेरा वेळा जाऊन-येऊन भाडं मोजायचं.

जाणं एकवेळ जमतं, कठीण असतं ते परतणं. चार तास यंत्रावर गेलेले असतात, अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं, रक्तदाब अनेकदा उतरलेला असतो. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिनी जोडलेल्या, हातातून दोन जाड सुया काढून तिथे नुकतीच पट्टी बांधलेली असते. त्या हाताने दांडी धरायची नाही, पिशवी उचलायची नाही. अशा माणसाला मोटरसायकलवर मागे बसवून आणणं धोक्याचंच.

यात सोयीची गोष्ट एकच, पण मोठी. डायलिसिसचे वार आणि पाळी ठरलेली असते, सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू-शनि. म्हणजे गाडी महिनाभर आधी ठरवता येते. चिर्ले, जासई, गव्हाण या वाटेवरच्या रुग्णांना डायलिसिस केंद्राने लागोपाठच्या दोन पाळ्यांत बसवलं, तर एक इको व्हॅन पुरते. सकाळच्यांना सोडायचं, दुपारच्यांना घेऊन आली की तीच गाडी सकाळच्यांना परत नेईल, मधली फेरी रिकामी जाणार नाही. फक्त परतीची वेळ यंत्र बंद होण्याची धरू नये. रक्त थांबून रक्तदाब तपासेपर्यंत अर्धा तास जातोच, तेवढा हिशेबात हवा.

अशी सोय नवी नाही. बाळंतिणीला दवाखान्यातून मोफत घरी सोडण्याची सोय सरकारने 2011 मध्येच केली. 102 ची गाडी त्यासाठीही आहे. गरिबांच्या मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 चा. त्यात यंत्राचा खर्च आहे, रिक्षाचा नाही. भाड्यापायी एखादी पाळी चुकली, तर तो मोफत उपचार काय कामाचा?

चिर्ले, जासई, गव्हाणच्या ग्रामपंचायतींनी आशाताईंकडून रुग्णांची नावं, वार आणि पाळ्या लिहून घ्याव्यात. गाडीचा खर्च कोण उचलणार हे पुढे ठरेल. यादी याच महिन्यात करा.