काम संपलं की विरघळणारं सर्किट

आपण सर्किट बनवतो ते टिकावं म्हणून. पण मुद्दाम विरघळण्यासाठी बनवलेलं सर्किट कधी ऐकलंय? अमेरिकेत असं एक सर्किट उंदरांच्या शरीरात बसवून तपासलं गेलं आहे.

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ. अ‍ॅक्सिडेंटमध्ये हातापायाची नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, तुटली तर सर्जन ती जोडतात. पण नर्व्ह ही काही वायर नाही, की सोल्डर केली आणि करंट चालू! तिचे तंतू पुन्हा वाढावे लागतात, तेही दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. तोपर्यंत स्नायू सुकत जातो. विजेचे हलके पल्स दिले तर ही वाढ सुधारते, हे माहीत होतं. पण ऑपरेशननंतर ते द्यायचे कसे? वायर कातडीबाहेर काढली तर इन्फेक्शनची भीती. मशीन आतच ठेवलं, तर ते काढायला दुसरं ऑपरेशन!

नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचे जॉन रॉजर्स आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे डॉ. विल्सन रे यांच्या टीम्सनी 2018 साली यावर उपाय मांडला. त्यांचं डिव्हाइस कागदाइतकं पातळ, छोट्या नाण्याएवढं. बॅटरी नाहीच. तत्त्व आपल्या ट्रान्सफॉर्मरचंच: एक कॉइल शरीराबाहेर, दुसरी कातडीखाली. आतल्या कॉइलमध्ये तयार झालेला करंट डायोडमधून जातो आणि नर्व्हभोवती गुंडाळलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचतो. कॉइल मॅग्नेशियमची, डायोड अतिपातळ सिलिकॉनचा, आवरण विरघळणाऱ्या पॉलिमरचं. शरीरातल्या पाण्यामुळे हे सगळं हळूहळू विरघळतं.

पायाची सायटिक नर्व्ह दुखावलेल्या उंदरांना रोज 1 तास पल्स दिले. काहींना 1 दिवस, काहींना 3, काहींना 6. काहींना अजिबात नाही. मग 10 आठवडे लक्ष ठेवलं. जितके जास्त दिवस पल्स, तितकी स्नायूंची ताकद लवकर आणि जास्त परत आली. डिव्हाइस मात्र सुमारे 2 आठवडे काम करून शरीरात जिरून गेलं. काढायला पुन्हा चिरफाड नाही.

अर्थात उंदराचा पाय आणि माणसाचा पाय यांत फरक आहे. आपली नर्व्ह लांब, शिवाय खोलवर. आणि कॉइलमधलं अंतर वाढलं की पॉवर झपाट्याने कमी होते, हे आपल्याला माहीतच आहे. पण मटेरियल आणि जाडी बदलून सर्किटचं आयुष्य कमी-जास्त करता येतं. म्हणजे एक्स्पायरी डेट हासुद्धा डिझाइनचाच भाग!