संगणकातील ग्राफिक्स कार्ड कसे ओळखावे?

आमच्या मराठी विभागातील जुन्या पोथ्यांची छायाचित्रे उघडताना संगणक अडखळू लागला. दुरुस्ती करणाऱ्याने नवे ग्राफिक्स कार्ड सुचवले. वर्षाचे तुटपुंजे अनुदान त्यात घालवण्यापूर्वी, आत कोणते कार्ड आहे हे पाहण्याचे मी ठरवले.

विंडोज प्रणालीत 'स्टार्ट' बटणावर उजवी टिचकी मारून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. त्यातील 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' या नोंदीखाली कार्डाचे नाव असते. आमच्याकडे तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे होते. हे कार्डाचे नाव नव्हे. योग्य ड्रायव्हर नसला की विंडोज ही कामचलाऊ सोय वापरते.

अशा वेळी त्या नावावर दोनदा टिचकी मारून 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. 'व्हीईएन' या अक्षरांनंतरचा संकेतांक निर्मात्याचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. त्यापुढे 'डीईव्ही'नंतरचा संकेतांक मॉडेल ओळखायला उपयोगी पडतो.

आमचा संकेतांक ८०८६ निघाला. इंटेलच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेऊन बसवताच पाने सुरळीत उघडू लागली. पोथीचा कर्ता शेवटच्या पुष्पिकेत सापडावा, तसेच हे झाले. अनुदानही पोथ्यांसाठीच राहिले.