आरसा गेला, भिंग राहिलं

थंडीच्या दिवसांत येडगाव जलाशयाच्या काठी पहाटे उभं राहिलं की पाणी आधी दिसतच नाही, नुसतं धुकं दिसतं. मग नारायणगडाच्या अंगाने उजेड फुटतो. पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे काळ्या आकृतींसारखे उमटतात, एखादा खंड्या पाण्यावरून निळी रेघ ओढून जातो. पंधरा-वीस मिनिटांत ऊन पांढरं पडतं आणि माणसं टोमॅटोच्या तोडणीला लागतात. एवढ्याशा वेळेसाठी कॅमेरा दुचाकीवरून, जॅकेटच्या खिशातून, रोज न कंटाळता सोबत यायला हवा.

अशा हौशी माणसाचा विचार करून घडवलेलं एक यंत्र म्हणजे सोनीचा अल्फा ६००० हा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा. तो २०१४ साली आला. त्यानंतर त्याच घराण्यात ६३००, ६४००, ६५०० अशी भावंडं जन्मली, तरी छोट्या कॅमेऱ्याने काय कमावलं आणि काय गमावलं हे समजून घ्यायला मला हाच सर्वांत प्रामाणिक नमुना वाटतो.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत तिरका आरसा असतो. तो उजेड वर लोलकाकडे पाठवतो आणि आपण डोळा लावून खरं दृश्य पाहतो. बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उचलला जातो. या आरशाला हलायला जागा लागते, म्हणून निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते ती कडी आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. आरसा काढल्यावर सोनीला हे अंतर १८ मिलिमीटरवर आणता आलं. अल्फा ६००० बॅटरी आणि कार्डासह ३४४ ग्रॅम भरतो. त्यात २४.३ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे अंगाने मोठ्या असलेल्या हौशी एसएलआरमध्ये असतो तेवढाच. उचलायला आरसा नसल्याने तो सेकंदाला ११ फोटो काढतो.

आता किंमत मोजू. खरं दृश्य गेलं, त्याजागी इवलासा इलेक्ट्रॉनिक पडदा आला. पहाटेच्या उलट्या उजेडात तो वरदानच ठरतो, कारण फोटो काळा पडणार की जळणार हे बटण दाबण्याआधीच कळतं. पण तो सतत बॅटरी खातो. या पडद्यातून पाहत गेलं तर मानक चाचणीनुसार एका चार्जमध्ये सुमारे ३१० फोटो निघतात. निकॉनच्या डी५६०० या एसएलआरचा तोच आकडा ९७० आहे. दिलासा इतकाच की अल्फा साध्या मायक्रो यूएसबी वायरने चार्ज होतो. शेतावर वीज रात्रीच्या पाळीत येत असली तरी पॉवर बँकवर भागतं.

बाकीची काटछाटही लपून राहत नाही. हात थरथरला तर सावरणारी यंत्रणा बॉडीत नाही. पावसापासून संरक्षण नाही, त्यामुळे आषाढात नाणेघाटाला नेताना जीव धास्तावतो. शटरचा आवाज पूर्ण बंद करता येत नाही, आणि शांत पाण्यावर तो दूरवर जातो. लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर मुरमाची धूळ उडत असते, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरूनच लेन्स बदलावी.

अशी देवाणघेवाण इथल्या परिसराला नवी नाही. नारायणगावच्या पूर्वेला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वारा पेलायला प्रचंड सांगाडे लागले असते. गोविंद स्वरूप यांनी त्या बारीक स्टीलच्या तारांच्या जाळीने विणल्या. वारा आरपार जातो, सांगाडा हलका झाला, खर्च आवाक्यात आला. बदल्यात दुर्बिणीने आखूड तरंगलांबीचं आकाश सोडून दिलं. काय सोडायचं हे आधी ठरवलं म्हणून ती उभी राहिली.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कोणालाच सोडता आलेली नाही, आणि ती येडगावलाच नेमकी कळते. माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे इथलं पाणी या धरणात येतं आणि डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. आवर्तन सुटलं की काठ मागे सरकतो, गाळ उघडा पडतो आणि पक्षी आणखी लांब जातात. मग लांब पल्ल्याची लेन्स हवी होते. सोनीची ५५-२१० ही हलकी लेन्स ३४५ ग्रॅमची आहे, पण तेवढ्याने चौकटीत बगळा तांदळाच्या दाण्याएवढाच येतो. २००-६०० घ्यावी तर ती दोन किलोंच्या वर. ६०० मिलिमीटरच्या टोकाला एफ/६.३ एवढा उजेड आत घ्यायचा तर ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५ मिलिमीटर रुंदीचं तोंड हवंच. आरसा काढा, सेन्सर बदला, हा भागाकार हलत नाही. तीनशे चव्वेचाळीस ग्रॅमचा कॅमेरा त्या नळकांड्यामागे डबीसारखा लटकतो आणि हाताला पकड पुरत नाही. केवळ पक्ष्यांचेच फोटो काढायचे असतील तर हा कॅमेरा घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

मात्र त्याच १८ मिलिमीटरने एक सुंदर दारही उघडलं. लग्नाच्या फिल्म काढणाऱ्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत निकॉनच्या ५० मिलिमीटरच्या लेन्स पडून आहेत. ४६.५ मधून १८ वजा केले की २८.५ मिलिमीटर उरतात. तेवढ्या लांबीची, आत काहीही नसलेली अडॅप्टरची नळी मध्ये बसवली की ती लेन्स पुन्हा जिवंत होते. फोकस हाताने फिरवावा लागतो, पण जिथे चित्र स्पष्ट होतं तिथल्या कडा पडद्यावर रंगीत चमकतात. फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरमुळे ती ७५ मिलिमीटरसारखी वागते. चेहऱ्यांसाठी हे अंतर उत्तम. ओझरला विघ्नेश्वराच्या दारात संध्याकाळी दिवे लागल्यावर, किंवा बाजारात क्रेटवर टेकून चहा पिणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो काढताना, ही जोडी गळ्यात आहे हे समोरच्याला जाणवतसुद्धा नाही.

आणि पहाटे पाण्याकाठी? तिथेही मी आता तीच लेन्स नेतो. पाणकावळा ठिपक्याएवढा येतो. त्याच्याभोवती धुकं, उघडा पडलेला गाळ आणि ओसरलेल्या पाण्याने काठावर सोडलेल्या रेघा येतात.